दोघांनी एकदम जेवायचं नाही

विमान चालवणाऱ्या दोघांनी एकाच वेळी जेवायचं नाही, असा आमच्या कंपनीत नियम आहे. एकच पदार्थही खायचा नाही. एकाच्या डब्यात पनीर असेल तर दुसऱ्याच्या डब्यात राजमा. न जाणो, अन्न बाधलं तर दोघं एकदम आडवे व्हायला नकोत. म्हणून आधी एक जण मांडीवर ट्रे घेऊन जेवतो आणि दुसरा विमान सांभाळतो. पहिल्याचं झालं की तो तोंड पुसून म्हणतो, "आता विमान माझ्याकडे." मग दुसऱ्याने आपला डबा उघडायचा. तोवर भात गार झालेला असतो.

स्वस्त तिकिटांच्या कंपनीत मी पाच वर्षं उजव्या खुर्चीत काढली आणि सहा वर्षं डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या खुर्चीत. या अकरा वर्षांत कामावर असताना मी कुणाबरोबर जेवलेली नाही. गंमत म्हणजे शेजारचा माणूस हाताच्या अंतरावर असतो. आठ-नऊ तास आम्ही एकमेकांचा प्रत्येक आकडा तपासतो. मी उंची लावली की तो मोठ्याने वाचतो आणि "चेक्ड" म्हणतो, त्याने दिशा लावली की मी म्हणते. पण उद्या शेजारी दुसरंच कुणी असतं, परवा तिसरं. परगावी मुक्काम पडला तर हॉटेलच्या खोलीत झाकलेलं ताट येतं. बेंगळुरूत विमानतळाच्या बाजूला, येलहंक्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी ओट्याशी उभ्या उभ्या खाते. लग्न केलं होतं, ते चार वर्षं टिकलं. त्याचं खापर मी नोकरीवर फोडत नाही, पण नोकरीने काही हातभार लावला नाही असंही नाही.

राहता राहिले अण्णा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आमचं घराणं मराठी, पण बेंगळुरूत येऊन चार पिढ्या झाल्या. आता घरातलं मराठी असं झालंय की पुण्याची माणसं ऐकून आधी हसतात आणि मग "किती गोड" म्हणतात. दोन्हीचा मला सारखाच राग येतो. अण्णा शिंपी. मल्लेश्वरममध्ये खाली दुकान आणि मागे दोन खोल्या, तिथेच माझं बालपण गेलं. दुकानात माप घ्यायची एक पद्धत होती. अण्णा टेप धरून आकडा सांगायचे, आई वहीत लिहिताना तोच आकडा परत म्हणायची. "छाती चौतीस." "चौतीस." "बाही साडेनऊ." "साडेनऊ." आई गेल्यावर अण्णांनी मापाची कामं हळूहळू सोडली. आता नुसत्या साड्यांना फॉल लावतात आणि ओळखीच्यांचे कपडे सैल किंवा घट्ट करून देतात. माझ्या गणवेशाची पँट कंपनीने शिवून दिलेली कधीच बसत नाही, ती तेच दुरुस्त करतात.

महिन्यातून चार-पाच दिवस मला सुटी मिळते. त्या दिवशी मी मल्लेश्वरमला जाऊन अण्णांबरोबर जेवते, ही आई गेल्यापासूनची आमची रीत. ते स्वयंपाक करून दोन ताटं पालथी मांडून ठेवतात. मी दारातून आत आले की "ऊट आय्ता?" म्हणून विचारतात. जेवण झालं का, असं या गावात नमस्कार म्हणावा तसं कुणीही कुणालाही विचारतं, पण अण्णा खरंच विचारतात. मी "इल्ला" म्हटलं, म्हणजे नाही म्हटलं, की ते ताटं सुलटी करतात. मग आम्ही समोरासमोर बसून एकच हुळी, म्हणजे इथली आमटी, एकच भात, एकच कोसंबरी एकदमच खातो. फार बोलतो असंही नाही. अण्णा भात कालवताना डावा हात गुडघ्यावर ठेवतात आणि मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं की खूश होतात. माझ्या आयुष्यात कुणाबरोबर जेवायची ती एकच जागा होती. ती मी कशी घालवली, ते सांगायचं आहे.

आधी एक सांगून टाकते, कारण रिक्षावाल्यापासून मावसबहिणीपर्यंत सगळे तेच विचारतात. हो, पगार बरा आहे. पण तो तासावर आहे. महिन्याला ठरलेल्या तासांचे ठरलेले पैसे आणि वर उडाल तितके जास्त. विमानाची चाकं हलल्यापासून थांबेपर्यंतचा वेळ तेवढा उडण्यात धरतात. पहाटे उठून आवरणं, विमानतळ गाठणं, दारूची तपासणी म्हणून नळीत फुंकणं, दोन उड्डाणांमधला अर्धा तास, उशीर झालेल्या विमानाची वाट बघणं, हे सगळं फुकटात. आणि स्टँडबाय नावाचा एक प्रकार आहे. त्या दिवशी घरातच बसायचं, पण फोन आला की तासाभरात हजर व्हायचं. म्हणून मी येलहंक्यात राहते, मल्लेश्वरमला राहू शकत नाही. दिवसभर गणवेशाची इस्त्री न मोडता बसून राहायचं आणि फोन आला नाही तर दिवस गेला. मध्येच नोकरी सोडायची तर करारातली रक्कम भरा. अण्णांनी माझ्या शिक्षणासाठी दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग विकला. तिथे आता मोबाइलच्या कव्हरचं दुकान आहे. म्हणून मी कुरकुर मोजूनमापूनच करते.

दमलो तर दमलो असं सांगायची सोयही आहे. टॅबवर एक अर्ज असतो, तो भरला की त्या दिवशी उडायचं नाही. कागदावर फार छान आहे ते. मागे एकदा मी तो भरला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन आला. "मॅम, विश्रांतीच्या वेळेत तुम्ही काय करत होता?" आवाज इतका गोड की खोटं बोलल्याचा संशय माझा मलाच यायला लागला. ती रजा आजारपणात घातली, उड्डाणाचे तास गेले आणि पुढच्या आठवड्यात सलग तीन दिवस स्टँडबाय लागला. शिक्षा असं कुणी म्हणालं नाही. मग बरेच दिवस मी पुन्हा अर्ज भरला नाही.

ते झालं गेल्या हिवाळ्यात, अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या दिवसांत. या शेंगांचे दिवस आले की मल्लेश्वरमला रस्त्यावर सालींचा खच पडतो. माझी सलग सहा दिवस ड्यूटी होती, त्यातल्या चार दिवशी पहाटेची. पाचव्या दिवशी येलहंक्याला परतले तेव्हा इमारतीच्या लिफ्टमध्ये उभी राहून मी बराच वेळ वाट बघत होते. बटणच दाबलं नव्हतं. तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही, पण एकच दिवस उरला होता आणि त्या दिवशी दुपारी उतरले की दोन दिवस सुटी होती. एका दिवसासाठी कशाला तो गोड आवाज ऐकायचा, म्हणून मी गप्प बसले.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "पुट्टी, उद्या किती वाजता येतीस?"

मी पलंगावर पडल्या पडल्या फोनमध्येच वेळापत्रक उघडलं. बेंगळुरूला शेवटचं विमान उतरायची वेळ सात दहा. पुढे कागदपत्रं, टॅक्सी, हेब्बाळचा रस्ता धरून एक तास वीस मिनिटं.

"साडेआठ," मी म्हणाले.

अण्णा क्षणभर थांबले. मग म्हणाले, "सरी, सरी. अवरेकाळूचं उप्पीट करतो." आवाजात आनंद होता. मला तो ऐकू आला आणि बरंही वाटलं.

विमानांच्या जगात सगळीकडे एकच घड्याळ चालतं, ग्रिनिचचं. आमचं वेळापत्रक त्याच घड्याळात असतं. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ निघते. अकरा वर्षं मी हे साडेपाच तास झोपेतसुद्धा मिळवत आले आहे. सात दहा म्हणजे दुपारचे बारा चाळीस. मी दुपारी दोनला पोचणार होते. त्या संध्याकाळी मी ते साडेपाच तास मिळवले नाहीत, आणि शेजारच्या खुर्चीत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार उड्डाणं होती. पहाटे निघालो, एका गावाला जाऊन पावणेनऊ-नऊच्या सुमारास परत बेंगळुरूला उतरलो. पुढच्या उड्डाणाला पस्तीस मिनिटं होती. तेवढ्यात दीडशे-पावणेदोनशे माणसं उतरणार, झाडलोट होणार, इंधन भरणार, तेवढीच माणसं चढणार. मी फोन उघडला तर अण्णांचा एक मिस्ड कॉल होता. वाटलं, विचारत असतील हुळी करू की सारू. सहवैमानिक एक तरुण मुलगी होती. ती इंधनाचा आकडा घेऊन उभी होती आणि मला तो तपासायचा होता. पुढच्या गावी उतरल्यावर बोलू, म्हणून मी फोन बंद केला. मी अण्णांच्याच गावात होते. एक फोन केला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. हे वाक्य मी मनाशी इतक्यांदा म्हटलंय की आता ते गुळगुळीत झालंय, पण बोचायचं थांबलेलं नाही.

तिसऱ्या उड्डाणात वर स्थिर झाल्यावर त्या मुलीने आधी खाल्लं. मग तिने विमान घेतलं आणि मी राजमा-भात खाल्ला. दहा वाजत आले असतील. आकाश स्वच्छ होतं, भात गार होता. जिथे गेलो त्या गावी एक प्रवासी चढून पुन्हा उतरला आणि त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढण्यात सगळा वेळ गेला. फोन उघडलाच नाही.

बारा चाळीसला बेंगळुरूला उतरलो, अगदी वेळेवर. चाकं इतकी अलगद टेकली की त्या मुलीने माझ्याकडे बघून मान डोलावली. दार उघडल्यावर मी फोन उघडला. मल्लेश्वरमच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या अक्कांचे सात मिस्ड कॉल होते.

अण्णांना मधुमेह आहे. सकाळी आणि रात्री जेवणाआधी ते पोटात इन्शुलिनची सुई घेतात, आणि घेतली की थोड्या वेळात खावंच लागतं. सकाळी साडेआठला मी येणार असं धरून ते पाचला उठले होते. शेंगा सोलल्या, उप्पीट केलं, दोन ताटं पालथी मांडली. सव्वाआठला सुई घेतली. मी आले नाही. पावणेनऊला मला फोन केला. मग आत्ता येईल, आत्ता येईल करत बसून राहिले. दहाच्या पुढे अक्का कशासाठी तरी खाली आल्या तेव्हा अण्णा ताटासमोर भिंतीला टेकून बसले होते, अंगावरचा सदरा घामाने चिंब होता आणि ते काहीतरी असंबद्ध बोलत होते. अक्का शहाण्या. त्यांनी आधी साखरेचं पाणी पाजलं, मग रिक्षा बोलावली.

गणवेशातच नर्सिंग होममध्ये पोचले. अण्णा खाटेवर उशीला टेकून बसले होते, हाताला सलाईन लावलेलं. मला बघून ते ओशाळले. खरं तर ओशाळायचं मी.

"साडेआठ म्हणालीस ना गं?" त्यांनी विचारलं. तक्रार नव्हती. त्यांना नुसती खात्री करून घ्यायची होती, आपलं डोकं तर बिघडलं नाही ना.

मी नाही म्हणणार होते. दोन वाजता म्हणाले होते, अशी माझी पक्की समजूत होती. मग मी फोन काढून वेळापत्रक बघितलं. सात दहा. त्याच्यापुढे ग्रिनिचच्या घड्याळाची खूण. खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या लावून मी त्या खाटेच्या कडेला बसले आणि रडले. समोरच्या खाटेवरची बाई आपलं दुखणं विसरून माझ्याकडे बघत राहिली.

"चूक माझी आहे अण्णा. वेळ मी चुकीची सांगितली."

"मलाही वाटलं होतं," अण्णा म्हणाले, "एवढ्या सकाळी कशी येतीस म्हणून. परत विचारणार होतो."

"मग विचारलं का नाही?"

"तू विमान चालवतीस. तुला वेळ काय परत विचारायची?"

आयुष्यभर आईकडून प्रत्येक माप परत म्हणवून घेतलेला माणूस हे बोलत होता. मला स्वतःचा राग आला, आणि त्यांच्या त्या विश्वासाचाही आला. कुणी इतका विश्वास ठेवू नये. आमच्याकडे तर तो ठेवायला बंदीच आहे.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि कडक होत्या. त्यांनी अण्णांना कन्नडमध्ये झापलं. जेवणासाठी कुणाचीही वाट बघायची नाही. मुलगी असो, मुख्यमंत्री असो. सकाळी आठ, दुपारी एक, रात्री आठ. घड्याळ बघायचं आणि जेवायचं. पुन्हा असं झालं तर दर वेळी वरच्या मजल्यावरून कुणी खाली येईलच असं नाही. अण्णा शाळेतल्या मुलासारखी मान हलवत होते. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि गणवेश वरपासून खालपर्यंत बघितला. "तुम्हाला तर नियम पाळायची सवय असेल," म्हणाल्या.

सुटीचे दोन दिवस मी अण्णांजवळ काढले. तिसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी मी टॅबवर तो अर्ज मागच्या तारखेने भरला आणि सगळं लिहिलं. सहा दिवस, चार पहाटा, लिफ्ट, साडेपाच तास, सलाईन. लिहिलं की हीच चूक मी वर केली असती तर शेजारच्या मुलीने पकडली असती, पण खाली मला पकडणारं कुणी नाही, आणि दमलेली मी तीच असते. अर्जात एक रकाना होता, उड्डाण क्रमांक. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जाईना. चूक कुठल्याच उड्डाणात झालेली नव्हती, म्हणून त्या दिवशीच्या शेवटच्या उड्डाणाचा क्रमांक घातला, ते अलगद टेकलेलं. आठवड्याने उत्तर आलं. सदर उड्डाणात सुरक्षेस बाधा आल्याचे आढळले नाही, प्रकरण बंद करण्यात येत आहे. या वेळी गोड आवाजाचा फोनही आला नाही. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते. कुणाला तरी तोंडाने सांगायचं होतं.

तेव्हापासून मी वेळ सांगितली की अण्णांना ती परत म्हणायला लावते. "दुपारी दोन." "दुपारी दोन." ते म्हणतात, अगदी दुकानातल्या सुरात. पण दोन म्हणजे त्यांचं जेवण एकलाच उरकलेलं असतं. मी पोचते तेव्हा एकच ताट पालथं असतं. पहिल्या वेळी मी एकटी जेवले. दुसऱ्या वेळी मनाशी ठरवलं, पूर्ण सुटीच्या दिवशी एकच्या आत यायचं.

तसा दिवस गेल्या महिन्यात आला. अण्णांना काही सांगितलं नाही, म्हटलं सरळ जाऊन उभं राहावं. साडेअकराला येलहंक्याहून निघाले. या रस्त्याला एवढा वेळ भरपूर झाला. हेब्बाळच्या पुलाखाली एक लॉरी बंद पडली होती. रिक्षात बसून मी घड्याळ बघत होते. बारा पन्नास. बारा पंचावन्न. फोन करून "थांबा, मी आलेच" म्हणावं, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा मी फोन परत पर्समध्ये टाकला. थांबा हा शब्द त्यांना मी आता कधीच सांगू शकत नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी दारात पोचले. अण्णा मोरीपाशी उभे राहून आपलं ताट विसळत होते. मला बघून दचकले, मग चेहरा उजळला. ओल्या हातांनीच त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं.

"बघ, बरोबर एकला जेवलो. एक मिनिट इकडेतिकडे नाही. डॉक्टरीणबाईंना सांग."

ते शाबासकीची वाट बघत होते.

"छान केलंत अण्णा," मी म्हणाले.

"ऊट आय्ता?"

"इल्ला."

त्यांनी फळीवर पालथं घातलेलं दुसरं ताट काढून सुलटं केलं आणि मला वाढलं. हुळी अजून गरम होती. मी जेवायला बसले. अण्णा समोर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि माझं होईपर्यंत घर सांभाळत राहिले.